देशाची मोजणी आणि नदीचा आकडा

मारेगावाहून हिंगणघाट सरळ रेषेत मोजले तर पन्नास किलोमीटरच्या आसपास भरेल. कापसाच्या निमित्ताने, सोयरिकीच्या निमित्ताने आपल्यापैकी पुष्कळांचे तेथे जाणे-येणे असते. परंतु त्या गावी एका इंग्रज माणसाची कबर आहे आणि आपल्या देशाच्या शास्त्रशुद्ध नकाशाचा पाया त्याने घातला, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. मलाही ती वयाची चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हती. विल्यम लॅम्बटन हे त्याचे नाव. हैदराबादेहून नागपूरकडे तळ हलवीत असता, सत्तरीच्या आसपासच्या वयात, जानेवारी १८२३ मध्ये तो हिंगणघाट येथे वारला.

या व्याख्यानमालेसाठी मी नकाशाचा विषय मागून घेतला तेव्हा आमच्या युनियनमधील एका मित्राने विचारले, "भाऊ, तुमचा अन् नकाशाचा काय संबंध?" संबंध आहे, तो आधी सांगतो. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढे कोळशाचा शोध घेणारी एक मोजणीची तुकडी आपल्या भागात आली होती, तिच्यात दोन हंगाम मी रोजंदारीवर खलाशी होतो. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. दुर्बीण वाहणारा, साखळी ओढणारा, आकडे रंगवलेली उंच पट्टी उभी धरणारा जो गडी, त्यालाही मोजणीच्या कामात खलाशीच म्हणतात. एप्रिलच्या उन्हात मी पट्टी धरून उभा राही. लांबून बाबू दुर्बिणीतून पाही आणि वहीत आकडा लिही. हा आकडा कशाचा, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. एके संध्याकाळी तुकडीतील एका वृद्ध सर्वेअरला धीर करून विचारले. तो म्हणाला, "पोरा, तू समुद्राची उंची धरून उभा असतोस." समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर! मला वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे. तो थट्टा करीत नव्हता, हे समजून घेण्यात माझी पुढची कित्येक वर्षे गेली. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

नकाशा ही वस्तू जुनी आहे. मोजून काढलेला नकाशा मात्र फार अलीकडचा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे टॉलेमी नावाचा विद्वान होऊन गेला. त्याने जगातील हजारो ठिकाणांचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवले. तो स्वतः कोठे गेला नव्हता. व्यापारी आणि नाविक यांच्या तोंडून जे कळले त्यावर त्याचा भर. त्याच्या आकड्यांवरून पुढे जे नकाशे निघाले त्यांत आपले दक्षिणेचे टोक जवळजवळ नाहीसेच आहे. किनारा आडवा पूर्वेकडे निघून जातो, आणि सिंहलद्वीप मात्र अवाढव्य फुगलेले. त्याची नामदोस म्हणजे नर्मदा, हे ओळखू येते. मैसोलोस नावाची एक नदी तो सांगतो, तिला कोणी गोदावरी मानतात तर कोणी कृष्णा. नदीचे मुख खलाशांनी पाहिलेले असे, उगम कोणी पाहिलेला नसे. सगळ्या जुन्या नकाशांची हीच रीत दिसते. काठ बरोबर आणि पोट रिकामे.

हे पोट भरण्याचे प्रकार दोन. एक म्हणजे कल्पनेने हत्ती, डोंगर आणि राजवाडे काढून जागा बुजवणे. दुसरा प्रकार दानव्हिल नावाच्या फ्रेंच नकाशाकाराचा. १७५२ साली त्याने भारताचा नकाशा प्रसिद्ध केला आणि जेथे खात्रीची माहिती नव्हती तेथे कागद कोरा सोडला. तोही कधी भारतात आला नव्हता. पण हा माणूस मला आवडतो. आपल्याला ठाऊक नाही एवढे कबूल करण्यास विद्वत्तेपेक्षाही अधिक काही लागते.

आपल्याकडे नकाशे नव्हते असे मात्र कोणी समजू नये. मराठेशाहीतील मोडी लिपीत लिहिलेले नकाशे आजही पाहावयास मिळतात. त्यांत किल्ले, घाट, नद्या, पेठा दाखवलेल्या असतात. अंतर प्रमाणात नसते. ज्याला जे महत्त्वाचे ते मोठे. किल्लेदारासाठी काढलेल्या नकाशात किल्ला नदीपेक्षा मोठा असावा हे स्वाभाविकच आहे. नकाशा कोणासाठी काढला, हा प्रश्न मनात ठेवावा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती बंगाल आल्यावर जेम्स रेनेल याला १७६७ साली बंगालचा सर्व्हेअर जनरल नेमले. त्याने १७८२ साली साऱ्या हिंदुस्थानचा नकाशा काढला. त्याची सामग्री बहुतेक कूच करणाऱ्या फौजांनी मोजलेल्या मजलांची. अमुक गावाहून तमुक गाव किती कोस, दिशा कोणती. जेथे कंपनीची फौज गेली तेथील नकाशा ठीक, जेथे गेली नाही तेथे पुन्हा कानगोष्ट. आपला हा मुलूख निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या अमलाखाली होता. त्यामुळे वैनगंगेसारख्या मोठ्या नदीचा मार्गही युरोपीय नकाशाकारांना त्या सुमारास कोठे कळू लागला होता. रेनेलच्या नकाशावर एक शोभेचे चित्र आहे. ब्रिटानिया देवी उभी आणि ब्राह्मण पंडित आपल्या पोथ्या तिच्या हाती सोपवीत आहेत. नकाशा पाहणाऱ्याने असली चित्रे अवश्य पाहावीत. नकाशाचा मालक कोण हे त्यांवरून कळते.

आता लॅम्बटनकडे येऊ. त्याचे म्हणणे असे की मजला मोजून देशाचा नकाशा होत नाही, त्यासाठी त्रिकोण हवा. हे काय आहे, ते थोडक्यात सांगतो. समजा तुम्ही वर्धेच्या या काठावर उभे आहात आणि पलीकडच्या काठावरील चिंचेचे झाड किती दूर आहे ते काढावयाचे आहे. नदीत उतरण्याची गरज नाही. या काठावर दोन खुंट्या ठोका व त्यांमधील अंतर साखळीने नीट मोजा. मग प्रत्येक खुंटीपाशी उभे राहून, दुसऱ्या खुंटीशी ते झाड किती कोन करते तेवढे मोजा. एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन कळले की सारा त्रिकोण कळला. हे आपण शाळेत शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. आता खुंटीपासून झाडापर्यंतची जी बाजू गणिताने मिळाली तिच्यावर दुसरा त्रिकोण उभारता येतो, त्याच्यावर तिसरा. साखळी एकदाच पसरावयाची, पुढे डोंगरावरून डोंगरावर नुसते कोन मोजीत जावयाचे. अट एकच. पहिली बाजू चुकली तर सारे चुकले.

म्हणून लॅम्बटनने ती पहिली बाजू जपून मोजली. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी काम सुरू झाले. साखळी शंभर फुटांची, पोलादी. तिचाही इतिहास गमतीचा आहे. चीनच्या बादशहाकडे गेलेल्या इंग्रज वकिलातीबरोबर ती नेलेली होती. तेथे कोणाला तिची मातब्बरी वाटली नाही म्हणून ती परत आली आणि लॅम्बटनच्या हाती पडली. साडेसात मैलांच्या त्या रेषेवर ही साखळी जवळजवळ चारशे वेळा पसरावी लागली. उन्हाने लोखंड वाढते, म्हणून ती लाकडी पन्हळीत ठेवून वर सावली धरीत आणि शेजारी उष्णतामापक ठेवीत. पुढे बंगलोरजवळ दुसरी बाजू साखळीने मोजून पाहिली, तेव्हा त्रिकोणांच्या गणिताने आलेली लांबी आणि प्रत्यक्ष लांबी यांत केवळ काही इंचांचा फरक निघाला.

कन्याकुमारीपासून उत्तरेकडे ७८ रेखांशाच्या जवळून ही त्रिकोणांची माळ चालली. १८१५ साली ती बिदरजवळ आली. १८१८ साली या कामास 'ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे' असे नाव मिळाले, आणि जॉर्ज एव्हरेस्ट हा तरुण अधिकारी लॅम्बटनचा मदतनीस म्हणून आला. लॅम्बटन हिंगणघाटी गेल्यावर माळ एव्हरेस्टने पुढे नेली. वऱ्हाडात अचलपूरच्या बाजूस टाकरखेडा येथे तिचे एक मुख्य ठाणे होते. मारेगावच्या पश्चिमेला शे-सव्वाशे किलोमीटरवरून ती गेली. १८४१ साली हिमालयाच्या पायथ्यापर्यंतचे तिचे काम पुरे झाले, तेव्हा तिची लांबी सुमारे २४०० किलोमीटर झाली होती. एवढी लांब रेषा मोजल्यामुळे पृथ्वी विषुववृत्तापाशी किती फुगीर आणि ध्रुवाकडे किती चपटी आहे, याचाही हिशेब सुधारता आला.

पुस्तकांत एवढेच येते. दोन हंगाम पट्टी धरलेल्या माणसाला मात्र पुढचा प्रश्न पडतो, तो असा की ते ओझे वाहिले कोणी? कोन मोजण्याचे लॅम्बटनचे यंत्र अर्ध्या टनाचे होते. ते प्रत्येक डोंगरावर चढवावयाचे आणि खाली उतरवावयाचे. मुलूख सपाट असला की देवळाच्या गोपुरावर. १८०८ साली तंजावर येथे गोपुरावर चढवताना दोर तुटून ते भिंतीवर आदळले आणि त्याचे मुख्य चक्र वाकले. लॅम्बटन कित्येक आठवडे तंबूत बसून हातोडीने ते सरळ करीत होता. साहेब असूनही हा गृहस्थ कारागीर होता हे कबूल केले पाहिजे. एव्हरेस्ट दुसऱ्या जातीचा. १८१९ साली तो कृष्णा आणि गोदावरी यांमधील जंगलात पावसाळ्यात काम रेटीत होता. बरोबरचे निजामाचे शिपाई पुढे जाण्यास नकार देऊ लागले, तेव्हा त्याने त्यांना बंदुकीच्या धाकात घेरून काहींना फटके मारविले. हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यानंतर जंगलातील तापाने जवळजवळ सारा तांडा आडवा झाला, खुद्द एव्हरेस्टही. काही माणसे तेथेच दगावली. त्यांच्यासाठी कोठे दगड उभारल्याचे मी वाचलेले नाही.

याच खात्यातील राधानाथ सिकदार यांचे नाव मात्र आपण अवश्य लक्षात ठेवावे. १८३१ साली, वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, हा बंगाली तरुण दरमहा तीस रुपयांवर गणित करण्यासाठी नोकरीस लागला. पुढे १८५२ च्या सुमारास हिमालयातील पंधराव्या क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच आहे, हे ज्या गणिताने ठरले ते त्याच्या देखरेखीखाली झाले. १८५६ मध्ये शिखरासाठी नाव सुचविले गेले ते एव्हरेस्टचे. ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. दुसरी एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे आणि मला ती अधिक मोलाची वाटते. १८४३ साली देहरादून येथे व्हॅन्सिटार्ट नावाच्या मॅजिस्ट्रेटने सर्वेक्षणाच्या हमालांना आपले सामान वाहण्यास बिगारीने जुंपले. राधानाथने त्यास हरकत घेतली आणि सामान अडवून ठेवले. खटला झाला. दोनशे रुपये दंड झाला, तो त्याने भरला. पण कलकत्त्याच्या वर्तमानपत्रात प्रकरण सविस्तर छापून आले. त्या वेळी या देशात कामगार संघटना हा शब्दही नव्हता.

आणि हे सारे कशासाठी? ज्ञानासाठी, असे म्हणण्यास माझी हरकत नाही. लॅम्बटनपुरते ते खरेही असेल. खजिन्यातून पैसा मात्र निघाला तो फौजेसाठी आणि सारावसुलीसाठी. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, आणि पुढे १८६० नंतर मुंबई इलाख्याच्या पद्धतीने शेतांची मोजणी सुरू झाली. त्या मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची, तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आज सातबाऱ्यावरचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिले जाते. तरी बोलण्यात गुंठाच आहे आणि त्या गुंठ्यात ती साखळी अजून खणखणते आहे. देशाचा मोठा त्रिकोण आणि तुमच्या शेताचा बांध यांची गाठ पडली ती अशी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत ५५ एल या क्रमांकाचा एक चौकोन आहे. मारेगाव, वणी आणि लॅम्बटनचे हिंगणघाट ही तिन्ही त्या एका चौकोनात येतात.

नकाशा ही सरकारची वस्तू, ती रयतेने विचारून पाहावी, ही समजूतही त्याच काळापासून चालत आली. स्वातंत्र्यानंतरही ती फारशी बदलली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नवे नियम काढले तेव्हा कोठे नकाशे आणि मोजणीची माहिती तयार करण्यावरील आणि वापरण्यावरील बरीचशी बंधने सुटली.

येथवर जमीन झाली. जमीन एका जागी राहते, म्हणून एकदा मोजली की वर्षानुवर्षे चालते. नदीचे तसे नाही. नकाशावर आपली वर्धा एक निळी रेघ आहे. ती रेघ मोजणीच्या हंगामातील, म्हणजे हिवाळ्या-उन्हाळ्यातील. जुलैतील वर्धा त्या नकाशात नाहीच. नदी मोजावयाची तर ती काळाबरोबर मोजावी लागते, रोज, एकाच जागी उभे राहून. हे समजायला नकाशावाल्यांना बराच काळ लागला.

नदीचा शोध घेण्याची सर्वांत विलक्षण गोष्ट ब्रह्मपुत्रेची आहे. तिबेटातील त्सांगपो हीच खाली आसामात ब्रह्मपुत्रा होते का, हा वाद होता. १८८० साली सर्वेक्षण खात्याने किंथुप नावाचा सिक्कीमचा एक निरक्षर माणूस एका लामाबरोबर पाठविला. खुणा केलेले ओंडके त्याने त्सांगपोत सोडावयाचे आणि खाली आसामात साहेबांनी वाट पाहावयाची. लामाने वाटेत त्याला गुलाम म्हणून विकले. किंथुप निसटला, पुन्हा कामाला लागला, आणि ठरल्याप्रमाणे रोज पन्नास असे दहा दिवसांत पाचशे ओंडके नदीत सोडले. त्याबद्दलचा निरोप मात्र योग्य माणसाला पोचलाच नाही. खाली पाहावयास कोणी नव्हते. ओंडके कोणी न मोजता समुद्रास मिळाले. चार वर्षांनी तो परतला तेव्हा त्याच्या हकिगतीवर फारसा विश्वास ठेवला गेला नाही. १९१३ साली दोन अधिकारी त्या खोऱ्यात जाऊन आले तेव्हा ती पुष्कळ अंशी खरी ठरली. नदीच्या आकड्याचे सारे दुखणे या एका गोष्टीत आहे. वर कोणीतरी इमानाने काम करतो आणि खाली निरोप पोचत नाही.

आपल्या नदीकडे मोजमापाच्या दृष्टीने पहिल्यांदा पाहिले गेले ते कापसामुळे. वऱ्हाडचा आणि हिंगणघाटचा कापूस बैलगाडीने समुद्रापर्यंत नेणे महाग पडे. तेव्हा वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने नावांतून तो पूर्वकिनाऱ्यास न्यावा, अशी योजना निघाली. गोदावरीवर धवळेश्वरम येथे धरण बांधणारा आर्थर कॉटन तिचा पुरस्कर्ता आणि हेग नावाचा अधिकारी तिचा इंजिनियर. नदीत तीन ठिकाणी खडकाळ उतार होते. पहिला दुम्मागुडेम, दुसरा इंचमपल्ली, तिसरा प्राणहितेवर देवलमरी. ते ओलांडण्यासाठी बंधारे आणि कालवे यांचे काम चालू झाले. वर्षातून किती महिने नावेपुरते पाणी असते, कोठे किती खोली, कोठे किती उतार, हे सारे त्यासाठी पाहावे लागले. परंतु तोवर आगगाडी नागपुरास पोचली होती. वरोऱ्याला कोळसा लागला आणि त्यासाठी रेल्वेचा फाटा काढण्याचे ठरले. १८७१ साली नदीची योजना सोडून देण्यात आली. कापूस रेल्वेने गेला आणि नदी पुन्हा दुर्लक्षित झाली. नाही तर वणीला बंदर झाले असते आणि मी खलाशी झालो असतो तो खराखुरा!

आज नदी कशी मोजतात ते सांगतो. केंद्रीय जल आयोगाची ठाणी आपल्या खोऱ्यात आहेत. वर्धेवर हिवरा, घुग्घुस आणि बामणी, वणा नदीवर नांदगाव, पैनगंगेवर आदिलाबाद रस्त्यावरील पुलाजवळ. ठाण्यावर नदीकाठी आकडे रंगवलेल्या पट्ट्या रोवलेल्या असतात. रोज सकाळी आठ वाजता माणूस जाऊन पाणी कोणत्या आकड्याला टेकले आहे ते लिहितो. पूर असला की तासातासाला लिहितो, रात्रीही. हा आकडा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा असतो. समुद्र आला तो असा. भारताच्या किनाऱ्यावरील नऊ ठिकाणी वर्षानुवर्षे भरती-ओहोटी मोजून समुद्राची सरासरी पातळी ठरविली, आणि तेथून पट्टी-दुर्बीण, पट्टी-दुर्बीण करीत ती उंची देशभर आणली. ते पहिले जाळे १९०९ साली पुरे झाले. जुन्या पुलावर किंवा दगडी इमारतीवर कोठे 'जी.टी.एस.' अशी इंग्रजी अक्षरे कोरलेली आढळली तर ती त्या जाळ्याची गाठ समजावी. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तीही त्याच हिशेबातली. म्हातारा सर्वेअर खरे बोलत होता.

पातळी कळली तरी पाणी किती वाहते ते निराळे काढावे लागते. नदीच्या रुंदीचे भाग पाडून प्रत्येक भागाची खोली आणि तेथील पाण्याचा वेग मोजतात. वेग मोजण्यासाठी पाण्यात फिरते चक्र सोडतात आणि ते किती वेळात किती फेरे घेते ते पाहतात. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे विसर्ग. वर्तमानपत्रात 'क्युसेक' हा शब्द येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे अठ्ठावीस लिटर. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. अशी पुष्कळ मोजमापे झाली की पातळी आणि विसर्ग यांची जोडी लागते, आणि मग नुसत्या पट्टीवरून विसर्ग सांगता येतो. मात्र पुराने पात्र खरवडले किंवा वाळू उपसून तळ खाली गेला की जुनी जोडी बिघडते. पुन्हा मोजावे लागते. वाळूचोर केवळ वाळू नेत नाहीत, नदीचे कोष्टकही नेतात.

आता पट्टीच्या जोडीला आपोआप पातळी कळविणारी यंत्रे आली आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिका आणि फ्रान्स यांनी मिळून सोडलेला उपग्रह शंभर मीटरहून रुंद नद्यांची पाणीपातळी आकाशातून मोजतो. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू या खोऱ्यांतील आकडे सरकार राखून ठेवते. गोदावरीच्या खोऱ्यातील आकडे, म्हणजे आपले, तितके बंदिस्त नाहीत. पुराच्या दिवसांत ठाण्यांची पातळी कोणालाही संगणकावर पाहता येते.

मग अडले कोठे? २०२२ च्या जुलैत वर्धेला मोठा पूर आला. पाटाळ्याच्या पुलावरून वणी-वरोरा वाहतूक बंद पडली. नदीकाठच्या एका वस्तीत आमच्या संघटनेतील काही मजूर कुटुंबे राहतात. आदल्या दिवशी माझ्या मोबाइलवर निरोप आला की वरच्या धरणातून इतके हजार क्युसेक पाणी सोडले आहे, सावध राहावे. मी तो वस्तीत जाऊन वाचून दाखविला. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, थे कुसेक का काय म्हनता, त्यानं पानी माह्या ओट्याले लागन का नाई, तेवढं सांग." मला सांगता आले नाही. तीस वर्षे मी वाटाघाटीत आकडे बोलत आलो, महागाई भत्त्याचा निर्देशांक मला तोंडपाठ, पण त्या दिवशी आकडा हातात असून मी मुका होतो. निम्मी वस्ती हलली, निम्मी थांबली. रात्री पाणी आले. माणसे वाचली. धान्य, शेळ्या आणि दोन पोरींची शाळेची कागदपत्रे गेली.

त्याच पुराचे पाणी प्राणहितेतून गोदावरीला मिळाले. खाली तेलंगणात भद्राचलम येथे १६ जुलै २०२२ रोजी गोदावरी ७१.३ फुटांवर पोचली. १९८६ साली ती ७५.६ फुटांपर्यंत गेली होती, त्यानंतरची ही सर्वांत उंच पातळी. तेथे ४३ फुटांना पहिला इशारा, ४८ ला दुसरा, ५३ ला तिसरा. हे तीन आकडे त्या गावात सर्वांना ठाऊक असतात, कारण ते घाटावरील पट्टीवरचे, डोळ्यांनी दिसणारे फूट आहेत. क्युसेकने ओटा बुडत नाही, फुटाने बुडतो. नदीकाठी सरकार आखते ती निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तीही कागदावर असते. वस्तीतील कोणी तो कागद पाहिलेला नव्हता.

म्हणून आम्ही तेथे एक लोखंडी खांब रोवला आणि त्यावर वीत-वीत अंतराने रंगाचे पट्टे मारले. दहावी झालेल्या एका मुलाने वही घातली. वर हिवरा आणि नांदगाव येथे पातळी किती, आणि त्यानंतर किती तासांनी आपल्या खांबावर पाणी कोठे, एवढीच कलमे. पहिल्या पावसाळ्यात वही काही जुळेना. नदी खांबाच्या निम्म्यावर असतानाच वस्तीच्या मागल्या झोपड्यांत पाणी शिरे. आम्हाला वाटले, पोराने आकडे चुकविले. एके दिवशी पावसात उभे राहून पाहिले तेव्हा उलगडा झाला. नदी फुगली की वस्तीमागील नाला उलटा चढतो. पाणी नदीकडून येतच नव्हते, मागच्या दाराने येत होते. ही गोष्ट म्हातारीला ठाऊक होती. तिला कोणी विचारले नव्हते, मीही नाही.

दुसरा खांब आम्ही नाल्यात रोवला. वहीच्या पहिल्या पानावर आता प्रत्येक घराच्या ओट्याची उंची नाल्याच्या खांबाप्रमाणे लिहिलेली आहे. म्हातारीचा ओटा लाल पट्ट्याच्या वर दोन वीत. वही अजून अपुरी आहे, कारण मोठा पूर त्यानंतर त्या वस्तीत आलेला नाही. पोरगा आता कामासाठी चंद्रपूरला जाऊन-येऊन असतो. तो नसला की त्याची आई पट्टे मोजते. तिला लिहिता येत नाही, म्हणून ती भिंतीवर कोळशाने रेघा ओढून ठेवते आणि तो परतला की वहीत उतरवून घेतो.